खवलांचे साहेब

आमचे साहेब रोज सकाळी आमच्या हातांचा वास घ्यायचे.

असं सांगितलं की लोक हसतात, म्हणून मी बहुतेक सांगत नाही. पण ते खरं आहे. मत्स्यालयाचं दार उघडायच्या आधी आम्ही तिघं ओळीने उभे राहायचो, शाळेत नखं दाखवतात तसे पंजे पुढे करायचो, आणि साहेब वाकून एकेकाचा हात हुंगायचे. साबणाचा वास आला, परत नळाखाली. विडीचा आला, परत नळाखाली. तुडीलचा धोंडू, जो टाक्या धुवायचा, तो तर रोजच दोनदा हात धुवायचा, कारण विडी त्याला सुटत नव्हती आणि साहेबांचं नाक त्याला सोडत नव्हतं.

मला पहिल्याच दिवशी म्हणाले, डोक्याला खोबरेल लावून येऊ नका, तुम्ही वाकलात की पाण्यावर तवंग येईल. माझं डोकं सटकलं. मी तिकिटाच्या खिडकीवर बसणार होते, माझा आणि पाण्याचा संबंध काय? तसं मी तोंडावर बोलले. माझी जीभ तेव्हाही अशीच होती. साहेब शांतपणे म्हणाले, "वाकाल." आणि महिनाभरात मी तिकिटं फाडायची सोडून टाकीवर वाकलेली असायची. खोबरेल सुटलं ते तेव्हापासून. अजून लावत नाही.

महाडात कधी काळी मत्स्यालय होतं हे आजच्या पोरांना सांगितलं तर ती माझ्याकडे बघतात, म्हातारी काय बोलतेय म्हणून. होतं बाबा. एमआयडीसी नुकतीच उभी राहत होती, गावात नवीन माणसं येत होती, तेव्हा काही हौशी मंडळींनी समिती काढली आणि एका जुन्या गोदामात काचेच्या टाक्या बसवल्या. साहेबांना कुठून आणलं ते कोणाला नक्की माहीत नव्हतं. कोणी म्हणायचं मुंबईहून, कोणी म्हणायचं रत्नागिरीहून. ते स्वतः काही सांगत नसत. एक ट्रंक, एक छत्री आणि एक लोखंडी खाट घेऊन आले आणि पंपाच्या खोलीत राहिले. तीच त्यांची कचेरी, तेच घर. हाताखाली आम्ही तिघं. मी, धोंडू, आणि पंप आणि वायरिंग बघणारे हसनभाई.

समितीची इच्छा होती की रंगीत मासे आणावेत, मुंबईला बाटलीत मिळतात तसे. साहेबांनी साफ नाही म्हटलं. आपल्या नदीत काय आहे ते लोकांना आधी दाखवू, म्हणाले. मग सावित्रीतली मरळ आली, वाम आली, शिंगटी आली, शेतातले मुठे, म्हणजे खेकडे, आले. लोक म्हणायचे, यात बघायचं काय, हे तर आम्ही कालवणात बघतो. पण यायचे. पाट्या वाचायला यायचे.

पाट्या हे साहेबांचं खास काम होतं. दुसरीकडे पाटीवर माशाचं नाव असतं, खाली आणखी एक अवघड नाव असतं. आमच्याकडे साहेब रोज खडूने नवीन पाटी लिहायचे. शिंगटीच्या टाकीवर, 'आज पोटात बरं नाही, हळू बोला.' वामेच्या टाकीवर, 'मी दगडाखाली आहे, घाई असेल तर पुढे जा.' आणि मुठ्याच्या टाकीवर कायमची एक पाटी होती: 'हा लाजतो. पाठ फिरवून उभे राहा, मग बाहेर येईल.' एकदा पोलादपूरच्या शाळेची सहल आली होती. मी खिडकीतून बघते तर सगळा वर्ग मुठ्याकडे पाठ करून उभा, मास्तरही पाठ करून उभे, कोणी श्वास घेत नाही. आणि मुठा बाहेर आला होता हो! पण तो बघणार कोण? बघायला वळलं की आत. शेवटी मीच खिडकीतून त्यांना सांगत राहिले, आता इकडे आला, आता नांगी उचलली. त्या दिवशी साहेब हसले होते. त्यांना हसताना मी फार वेळा पाहिलं नाही.

काचेवर टकटक केलेली त्यांना खपत नसे. कोणी केली, की हे मागून जायचे आणि त्या माणसाच्या पाठीवर बोटाने तशीच टकटक करायचे. माणूस दचकून वळला की विचारायचे, "कसं वाटलं?" आणि निघून जायचे. एकदा हा प्रयोग समितीच्या अध्यक्षांवर झाला. अध्यक्ष पाहुणे घेऊन आले होते, बोटातल्या अंगठीने काच वाजवून पाहुण्यांना खवल दाखवत होते. मी आणि हसनभाईंनी एकमेकांकडे पाहिलं, पण साहेब तोवर पोचले होते. अध्यक्ष मनाने वाईट नव्हते, हसून सोडलं त्यांनी. पण पाहुण्यांसमोर झालं ते झालंच.

खवल म्हणजे आमच्या नदीतला सगळ्यात मोठा मासा. अंगावर रुपयाएवढी खवलं, सोनेरी, उन्हात लखलखतात. आमच्याकडे दोन होते, तुडीलच्या डोहातून धोंडूनेच आणलेले, हाताएवढे लांब. एकाची शेपटी चिरलेली होती, दुसरा धड. त्यांच्यासाठी हॉलच्या टोकाला सिमेंटची टाकी बांधली होती, माणूस आत वाकून उभा राहील एवढी, पुढे जाड काच. खरं सांगायचं तर लोक त्या दोघांसाठीच यायचे. दोघं एकाच लयीत फिरायचे, एक वळला की दुसरा वळायचा. कारखान्यातली पोरं पाळी सुटल्यावर मोटारसायकल बाहेर लावून यायची आणि त्या काचेसमोर नुसती बसून राहायची.

आणि साहेबांचा एक नियम होता, तो आम्हाला पहिल्या दिवसापासून पाठ. काचेत एकटा जीव ठेवायचा नाही. मासा असो, मुठा असो. जोडीतला एक गेला की दुसरा आणायचा, नाही मिळाला तर उरलेला नदीत सोडायचा. धोंडू वैतागायचा. पकडायला तोच जायचा ना.

असा नियम करणारा माणूस स्वतः किती एकटा होता, हे मला कळायला वेळ लागला. खानावळीत भिंतीकडे तोंड करून जेवायचे. मासे आवडीने खायचे, पण समुद्रातले. नदीतल्यांशी ओळख आहे, म्हणायचे. त्यांना कोणी भेटायला आलं नाही, गणपतीला नाही, शिमग्याला नाही. दर रविवारी दुपारी एसटीने पोलादपूरला जायचे आणि संध्याकाळी परत यायचे. आमची खात्री होती की तिथे कोणीतरी असणार. धोंडू तर डोळे मिचकावून काय काय बोलायचा.

एका रविवारी मी माहेरच्या एका लग्नासाठी पोलादपूरला गेले, तर साहेब त्याच गाडीत. स्टँडवर उतरले आणि बाकावर बसले. मी लग्न उरकून आले तरी तिथेच, हातात चहाचा कप. महाबळेश्वरची गाडी आली, रत्नागिरीची आली, माणसं उतरली, चढली, पोटलीवाल्या बायका धावल्या, हे बघत होते. मला राहवलं नाही. विचारलं, साहेब, कोणाची वाट बघताय? म्हणाले, कोणाची नाही. माणसं येतात-जातात, बघायला बरं वाटतं. मग जरा सरकून मला बाकावर जागा दिली. परतीच्या गाडीपर्यंत आम्ही दोघं काही न बोलता बसलो. घरी येऊन मी भाकऱ्या थापताना रडले. का रडले ते सासूला सांगता येईना, धूर गेला डोळ्यांत म्हटलं.

माझी गोष्ट तरी काय वेगळी होती? नवरा मुंबईला गोदीत. घरात सासू, दीर, जाऊ, त्यांची पोरं, घर भरलेलं. पण बोलायला कोणी नाही. तो वर्षातून दोनदा यायचा, त्यातली एक खेप मार्चात, चवदार तळ्यावर आपली सगळी माणसं जमतात तेव्हा. त्या दिवशी साहेब मला सकाळीच तिकिटाच्या खिडकीवरून उठवायचे आणि स्वतः बसायचे. तुम्ही जा तळ्यावर, म्हणायचे. एका वर्षी म्हणाले, यजमानांना घेऊन या इकडे. आम्ही गेलो. साहेबांनी आम्हाला खवलांच्या समोर उभं केलं आणि बाकीच्या लोकांना थोडा वेळ दुसऱ्या टाक्यांकडे वळवलं. नवरा म्हणाला, तुझा साहेब जरा सर्किट आहे काय गो? मी म्हटलं, हाय. पण मला फार बरं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी नवरा गेला. साहेबांनी फक्त एवढंच विचारलं, त्यांना इकडे आणता नाही का येणार? मी भडकले. म्हटलं, साहेब, माणूस म्हणजे मासा आहे का, जाळ्यात घालून आणायला? ते म्हणाले, नाही, तसं नाही, चुकलं माझं. आणि पाटी लिहायला गेले.

मग ते पुराचं वर्ष आलं. महाडला पूर नवीन नाही, आषाढात सामान माळ्यावर टाकायची आम्हाला सवय असते. गोदामाचं जोतं उंच, त्यामुळे पाणी आत आलं नाही, पण वीज गेली आणि परत येईना. पंप बंद. पंप बंद म्हणजे टाकीतल्या पाण्यात हवा नाही. हसनभाईंच्या जनरेटरचं तेल संपलं आणि रस्ता पाण्याखाली. साहेबांनी आम्हाला तांबे दिले. टाकीतलं पाणी घ्यायचं, उंचावरून परत टाकीत सोडायचं, म्हणजे त्याच्याबरोबर हवा जाते. दिवसभर चौघं तेच करत होतो. हात दुखून आले. खवलांच्या टाकीचं पाणी गढूळ व्हायला लागलं आणि नळाला तर पाणीच नव्हतं. तेव्हा साहेब म्हणाले, छपराच्या पन्हळीचं पाणी आत सोडा. आम्ही टाकीवरची दगड ठेवलेली जाळी काढली आणि पावसाची धार थेट टाकीत घेतली.

आता आमच्याकडे वळगण सगळ्यांना माहीत. पावसाचं नवं पाणी वरून यायला लागलं की नदीतले मासे त्या पाण्याच्या तोंडावर चढतात, धारेवर उड्या मारत ओढ्यात, शेतात जातात. तेव्हा लोक टोपल्या घेऊन धावतात. लहानपणापासून आम्ही ते करत आलो. धोंडूचा तर तो जन्माचा धंदा. पण त्या दिवशी चौघांपैकी एकाच्याही डोक्यात ते आलं नाही. आम्हाला फक्त हवा आणि पाणी दिसत होतं.

धड खवल धारेवर चढला. एकच उडी, आणि मागच्या भिंतीवर आपटला, तिथून फरशीवर. धोंडूने झेप घेऊन उचलला, परत टाकीत घातला. तो आडवा तरंगत राहिला. चिरक्या शेपटीचा त्याच्या खालून जायचा, त्याला पाठीने वर उचलायचा, पुन्हा पुन्हा. दिवेलागणीला धड खवल गेला.

साहेब ओल्या फरशीवर बसले होते. माझ्याकडे बघून म्हणाले, "मी त्याला वळगण दाखवली, बाई. आणि पुढे भिंत."

मी तांबे गोळा केले.

नियमाप्रमाणे जोडीदार शोधायचा. धोंडू पुरानंतर कितीदा तरी डोहात उतरला, पण तेवढा मोठा मिळेना. लहान आणले, चिरक्या शेपटीचा त्यांच्याकडे बघेना, खाणंही कमी केलं त्याने. एका कोपऱ्यात तोंड करून असायचा. साहेब रविवारचे पोलादपूरला जायचे बंद झाले. त्या काचेसमोर स्टूल टाकून बसायचे. टाकीवर पाटी लिहिली होती, 'हा सध्या एकटा आहे. जरा वेळ थांबा.' आणि लोक थांबायचे. खरंच थांबायचे.

धोंडूने एक दिवस वाळणच्या कोंडाचं, तिथल्या नदीतल्या डोहाचं, नाव काढलं. तिथे देवीचे मासे आहेत, शेकड्यांनी खवल, लोक त्यांना कुरमुरे घालतात, कोणी पकडत नाही. धोंडू आवाज खाली आणून म्हणाला, "एक आणतो साहेब. कोण मोजतोय? देवीला काय कमी पडणार नाय."

मी देवीबिवीतली नाही. पण मलाही ते रुचलं नाही. दुसऱ्या दिवशी साहेब एकटेच कोंडावर जाऊन आले. आल्यावर म्हणाले, तिथे फार आहेत. सगळे एकत्र आहेत. मग पंप तपासता तपासता म्हणाले, तिथून आणायचा नाही, इथला तिथे न्यायचा.

ही गोष्ट समितीत गेली. अध्यक्ष स्वतः आले, यावेळी काच न वाजवता उभे राहिले. त्यांचं म्हणणं सरळ होतं आणि मला तेव्हा राग आला तरी आज ते चुकीचं वाटत नाही. लोक खवल बघायला येतात. दुसऱ्या टाक्यांसाठी कोणी येत नाही. खवल गेला तर मत्स्यालय चालवणं जमणार नाही, गोदाम परत द्यावं लागेल. आणि मग पंपाच्या खोलीकडे बघत, जरा ओशाळून म्हणाले, "तुमचीही सोय मग बघावी लागेल. कुठे जाणार तुम्ही?"

साहेब म्हणाले, "ते माहीत नाही."

अध्यक्ष म्हणाले, एक मासा आहे, राहू दे की. एकटा असला म्हणून काय झालं, जिवंत तर आहे.

साहेबांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, आता हे पाठीवर टकटक करणार. पण नाही केली. म्हणाले, जिवंत आहे, हो. म्हणूनच.

हसनभाईंच्या मेव्हण्याचा टेंपो मिळाला. पिंपात पाणी भरून त्यात खवल, वर ओलं गोणपाट, आणि आम्ही चौघं. बिरवाडीवरून पुढे रस्ता खराब, साहेब पिंपाला मिठी मारून बसले होते, धक्का त्याला लागू नये म्हणून. कोंडावर पोचलो तेव्हा ऊन होतं आणि पाण्यात सगळीकडे सोनेरी पाठी. धोंडू आणि साहेबांनी मिळून त्याला गोणपाटात धरून खाली नेलं. साहेब कमरेपर्यंत पाण्यात उतरले. थोडा वेळ त्याला हातात धरून ठेवला. मग हात काढला.

तो तिथेच थांबला. मला वाटलं, ह्याला जायचंच नाही. मग एक मोठा खवल बाजूने गेला, हा वळला, आणि दोघं एकदम वळले. एवढंच. पुढे त्या गर्दीत चिरकी शेपटी शोधून शोधून माझे डोळे दुखले. साहेब म्हणाले, दिसतोय का? मी म्हटलं, नाही. म्हणाले, छान. आणि असे रडले की हसनभाई तोंड फिरवून टेंपोकडे गेले.

मत्स्यालय मग बंद झालं. मरळ, वाम, शिंगटी सगळे सावित्रीत सोडले, मुठे धोंडूने शेतात नेले. शेतातच सोडले असं तो म्हणाला, मी जास्त विचारलं नाही. हसनभाईंना भावाने सौदीला बोलावलं. मला पुढे एका शाळेत शिपायाची नोकरी लागली, नवरा मात्र मुंबईलाच राहिला आणि तिथेच गेला. साहेब कुठे गेले, आज आहेत की नाहीत, मला माहीत नाही. पत्ता मागायचं सुचलं नाही आणि त्यांना द्यायचं सुचलं नसेल.

पण त्यांना मी शेवटचं पाहिलं ते असं. गोदामाची किल्ली द्यायची होती त्या दिवशी मी गेले. धोंडू नव्हता, हसनभाई नव्हते. हॉल रिकामा, टाक्या कोरड्या, पाट्या पुसलेल्या. मला आधी वाटलं, साहेब निघून गेले. मग टोकाच्या मोठ्या टाकीकडे पाहिलं तर ते आत होते. धोतराचा काचा मारून, वाकून, फडक्याने काच आतून पुसत होते. परत देताना स्वच्छ द्यायची, म्हणून असेल. बाहेर मी आहे हे त्यांना कळलं नव्हतं. एक कोपरा पुसायचे, मागे सरकून बघायचे, पुन्हा तोच पुसायचे.

आम्हाला शिकवलं होतं त्यांनी, सकाळी आल्यावर हात लावायच्या आधी प्रत्येक टाकीसमोर उभं राहायचं आणि बघायचं. आत काय चाललंय ते नीट बघा, मग कामाला लागा. मी उभी राहिले आणि पाहिलं. केस पांढरे झाले होते. सदरा पाठीवर भिजला होता. काच वाजवून त्यांना हाक मारावी असं माझ्या हाताला वाटलं, पण वाजवली नाही.

चपला काढल्या. नळावर जाऊन हात धुतले, साबण न लावता. पदर खोचला, कोपऱ्यातलं दुसरं फडकं घेतलं आणि शिडीवरून टाकीत उतरले. साहेबांनी मान वळवून पाहिलं. थोडे सरकले, मला जागा झाली.

बऱ्याच वेळाने म्हणाले, "उजवा कोपरा राहिलाय, बाई."

मी उजवा कोपरा पुसायला घेतला.